चव्वेचाळीस ठोके

वच्छला कापगते साकोलीकडची. नागपुरात नर्सिंग शिकून ती १९५९ साली भिलाईला आली, तेव्हा कारखान्याची पहिली भट्टी नुकतीच पेटली होती आणि पुढच्यांचे पाये खणणं चालू होतं. वसाहतीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये वीस खाटांचा तात्पुरता दवाखाना होता, तिथे तिची नेमणूक झाली. सेकंदकाट्याचं एक घड्याळ तिने स्वतःच्या पैशाने घेतलं होतं. दवाखान्यात तेवढं एकच होतं, यावरून काय ते समजावं.

प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी ताप, नाडी आणि श्वास लिहायचा तक्ता टांगलेला असे. वॉर्डमास्टर शेषराव टापटिपीचे. डॉक्टरांच्या फेरीआधी एकही चौकट रिकामी दिसता कामा नये, हा त्यांचा दंडक. मग अटेंडंट काय करत? कालचा आकडा आज उतरवून ठेवत. मनगटाला हात लावायचा कोणी?

अकरा नंबरच्या खाटेवर शालिकराम होता. पायाभरणीच्या सळया बांधणारा, चाळिशीच्या आतला माणूस. हृदय अशक्त झालेलं, पाय सुजलेले. त्याला हृदयाला जोर देणारी गोळी रोज सकाळी एक, अशी चालू होती. दोन दिवसांपासून तो ओकत होता. त्या सकाळी वच्छला औषधाचा ट्रे घेऊन आली, तर तो म्हणाला, "सिस्टरबाई, भिंतीले पिवळा चुना कावून मारला जी?"

शेजारच्या खाटेवरचा रोगी हसला. "याले कावीळ नाही, याले लगीन आठवून राहिलं! हळद दिसते गड्याले."

वच्छला हसली नाही. या गोळीचं प्रमाण जास्त झालं की आधी मळमळतं, मग जग पिवळं दिसतं आणि नाडी मंदावत जाते, हे तिने नागपुरात घोकलं होतं. गोळी देण्याआधी नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची, साठच्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं, हेही. तिने मनगट धरलं. चव्वेचाळीस. पुन्हा मोजली. चव्वेचाळीस. तक्त्यावर मात्र पाच दिवस ओळीने शहात्तर!

तिची कानशिलं तापली. तिने चौकटीत चव्वेचाळीस लिहिलं आणि गोळी परत बाटलीत टाकली.

शेषराव तरातरा आले. "गोळी का दिली नाही?"

"नाडी चव्वेचाळीस आहे, शेषरावजी. आज देता येत नाही."

"डॉक्टरसाहेब दुर्गला मीटिंगला गेलेत. त्यांचा हुकूम लिहिलेला आहे. तो रद्द करायला तुम्ही डॉक्टर झालात का?"

"हे शहात्तर कोणी मोजले, ते सांगा आधी. मोजणाऱ्याला बोलवा माझ्यासमोर!"

"आवाज खाली! इकडे द्या, मी देतो."

त्यांनी हात पुढे केला. वच्छलाने बाटली ॲप्रनच्या खिशात घातली आणि ती खाटेला पाठ लावून उभी राहिली. "साहेब येऊन स्वतः नाडी पाहतील, तेव्हाच ही बाटली निघेल."

दुर्गला निरोप धाडून ती तिथेच थांबली. पण एका गोळीने एवढं होतं कसं? दुपारी शालिकरामची बायको मैनाबाई जवळच्या कुरुद गावाहून पेज घेऊन आली. भांड्याशेजारी तिने कागदाची पुडी सोडली.

"हे काय, मैनाबाई?"

"सायटीची गोळी जी. भरतीच्या आधी सायटीच्या दवाखान्यानं दिली होती. रोज पेजेत कुस्करून देतो ना मी."

गोळी तीच होती. रोज दोन पोटात जात होत्या. "कोणाला सांगितलं नाही?"

"कोनी इचारलं? सायटीचा पास सेक्टरात चालत नाही, बाई. मंग सायटीच्या गोळीचं काम इथली गोळी कशी करन?"

वच्छलाला तिच्यावर रागावता येईना. बांधकामाची साईट वेगळी, वसाहतीचा सेक्टर वेगळा, फाटक वेगळं, शिक्का वेगळा, हे या बाईला शिकवलं होतं ते साहेब लोकांनीच. आणि पाच दिवसांत एकदा जरी कोणी खरी नाडी मोजली असती!

चार वाजता डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, पुडी पाहिली आणि दोन्ही गोळ्या बंद केल्या. चौथ्या दिवशी शालिकरामला भिंत पांढरी दिसली. नाडी अडुसष्टवर आली.

आणि त्याच दिवशी वच्छलाच्या हातात मेमो पडला. हुकूम मोडला, वरिष्ठांशी उद्धटपणा केला, माफी लिहून द्या. अकरा नंबरचा तक्ताही बदलला होता. नव्या कोऱ्या कागदावर सुबक अक्षरात पुन्हा शहात्तर!

तिने माफी लिहिली नाही. वार, वेळ, चव्वेचाळीस ठोके, दोन गोळ्या, पुडी, सगळं उत्तरात लिहून खाली सही केली. उत्तर समाधानकारक नाही, असा शेरा मारून ताकीद त्या उत्तरासकट तिच्या फायलीत लावली गेली.

पुढे कायमच्या दवाखान्यात बदली झाली, तेव्हा तिथल्या ऑफिसातले बडे बाबू म्हणाले, "सिस्टर, चांगल्या नोकरीत हा डाग कशाला? एक अर्ज करा, काढून टाकू."

"हात लावू नका त्याला," वच्छला म्हणाली. "तक्ता तर तुम्ही लोकांनी बदलून टाकला. शालिकरामची खरी नाडी लिहिलेला तेवढाच एक कागद उरलाय."