पळू देतात का?

तो प्रश्न माझा नव्हता. बैठकीत लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांपुढे मी तो माझाच म्हणून सांगितला, आणि पुढे दोन नोकऱ्यांच्या अर्जांतही लिहिला. प्रश्न माझ्या मुलीचा होता. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. हे कबूल करायला इतकी वर्षं लागली, कारण त्या प्रश्नाच्या आधी मी जे केलं तेही मग सांगावं लागतं.

हिंगोली वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही सेनगावात राहत होतो. बाहेरगावच्या एका बालरोगतज्ज्ञ मॅडमनी दम्याच्या मुलांचा अभ्यास हाती घेतला होता. घरोघर जाऊन प्रश्नावली भरून आणायला त्यांना इथल्याच शिकलेल्या बाया हव्या होत्या. मी बी.ए. झालेली, घरात दम्याचं लेकरू, मला लगेच घेतलं.

त्या कागदावर ताप किती, खोकला किती असलं काही नव्हतं. आजारासकट मुलाचा दिवस कसा जातो, एवढंच त्यात विचारलेलं. पळायला त्रास होतो का, शाळा बुडते का, बाकीची मुलं खेळायला घेतात का. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकोन, ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत. मूळ प्रश्न परदेशी. एका ठिकाणी घरांची एक रांग ओलांडून चालण्याबद्दल विचारलं होतं. आमच्याकडं घरांच्या असल्या सरळ रांगा कुठल्या? आम्ही ते ‘शाळेपासून बसस्टँडपर्यंत’ केलं. ‘क्वचित’ मुलांना कळेना, तिथं ‘एखांद्या वेळी’ घातलं. भाकरी थापतानाही मी प्रश्न मोठ्यानं म्हणून बघायची. इतकं आवडीचं काम मला त्याआधी मिळालं नव्हतं.

प्रत्येक घरात दोन कागद भरायचे. एक मुलासाठी, एक आईसाठी, प्रश्न तेच. मुलाचा कागद भरताना आई जवळ नको, हा पक्का नियम. आमच्याकडं कागद घेऊन कोणी आलं की लेकरू आधी आईच्या तोंडाकडं बघतं आणि आई म्हणते, “बरं हाय म्हण.” शाळेत तपासणीला साहेब येणार असले की सरही हेच शिकवून ठेवतात. म्हणून मी बाकीच्या बायांना सांगायची, आईला चहाला उठवा, पाण्याला पाठवा, पण तिथं बसू देऊ नका.

माझ्या घरी मात्र मीच बसले.

दुपारची वेळ होती. मुलगी पेन्सिल घेऊन उत्साहानं खुणा करत होती. ‘पळायला त्रास होतो का’ या प्रश्नापुढे तिनं ‘कधीच नाही’वर खूण केली. मला रागच आला. सोयाबीनच्या मळणीचा भुसा उडाला की ही पोरगी उशीला टेकून बसलेली मी बघितली होती. दम्याचा पंप ओढून ओढून तिचे ओठ कोरडे पडलेले बघितले होते. मी खोडरबर घेतलं, तिची खूण पुसली आणि ‘नेहमी’वर केली. मग पुढची एक पुसली, मग आणखी एक.

“आई, हा कागद माझा हाय ना?” ती म्हणाली.

“तुला कळत न्हाई,” मी म्हणाले.

ती उठून बाहेर गेली. उरलेल्या खुणा मी एकटीनंच केल्या.

पंधरा दिवसांनी मॅडम जीपनं सेनगावला आल्या, सरळ आमच्या घरी. दोन्ही कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवले. आईचा आणि मुलीचा, सगळी उत्तरं अगदी सारखी. एका जागी रबरानं कागद झिजून पलीकडचं दिसत होतं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. “ताई, चहा करता का?” एवढंच म्हणाल्या. मी बायांना शिकवलेली युक्ती त्यांनी माझ्यावरच वापरली. मी आत गेले.

स्वयंपाकघरात बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. मॅडमनी नवा कागद काढून पहिल्यापासून सुरुवात केली. पळण्याचा प्रश्न आला. मुलगी पुन्हा तेच म्हणाली, न्हाई होत त्रास.

“कधीच नाही?”

“मी पळतच न्हाई. मंग त्रास कवा होईल?”

का पळत नाहीस, असं मॅडमनी विचारलं. ती अगदी साध्या आवाजात सांगत गेली. आईनं सरांना सांगून ठेवलंय. खेळाच्या तासाला पोरींचा खो-खो चालतो, ती कडेला बसते आणि सगळ्या पोरींच्या चपला राखते. कोणाची चप्पल कुठली हे तिला बराबर पाठ आहे. मॅडम हसल्या, तीही हसली. मग म्हणाली, “मॅडम, तुमचा सवाल चुकून राहिला. आधी विचारा, पळू देतात का.”

चहा उतू गेला. त्या क्षणी मला लाज वाटली की अभिमान, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. अभिमान होता. मोठमोठ्या शिकलेल्या लोकांनी तयार केलेल्या कागदातली चूक माझ्या पोरीनं जमिनीवर मांडी घालून, डॉक्टरच्या तोंडावर दाखवली होती. लाज त्याच्या मागून आली, आणि गेली नाही.

पुढच्या महिन्यात हिंगोलीला बैठक झाली. मॅडमनी नवा प्रश्न वाचून दाखवला. पळण्याच्या प्रश्नाआधी तो घातला होता. हा कुठून आला, असं कोणीतरी विचारलं. “सेनगावच्या ताईंच्या घरून,” मॅडम म्हणाल्या. रबराचं काही बोलल्या नाहीत, मला सांभाळून घेतलं. एक बाई म्हणाली, आईलाच असलं सुचणार. टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून हसले. ‘माझ्या मुलीचा आहे’ एवढे तीन शब्द बोलायचे होते. ते बोलले असते तर पाठोपाठ तिथल्या बायांनी बाकीचं विचारलं असतं. नंतर घरी आलेल्या पाहुण्यांनाही मी तसंच सांगितलं. मुलगी तिथंच पाणी देत होती.

मग तो प्रश्न घेऊन मी गावोगाव फिरायला लागले. आधी ‘कधीच नाही’ म्हणून थांबणारी मुलं आता सांगायला लागली. न्हाई देत पळू. आज्जी न्हाई देत. सर न्हाई देत. कागद खरं बोलायला लागला होता.

डोंगरकड्याला एका घरी मुलाचा कागद भरून झाल्यावर मी त्याच्या आईला तोच प्रश्न विचारला, मुलाला पळू देता का? ती कापूस निवडत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, “न्हाई देत. धाप लागल्यावर रातभर कोण बसंल?” आणि मग माझ्याकडं बघून, “तुमच्या घरी बी हायच म्हणं असलं लेकरू. तुमी देता का, ताई?”

मी कागद आवरले. परतीच्या एसटीत सेनगाव येईपर्यंत तिला द्यायचं उत्तर शोधत होते.

घरी येऊन मुलीला विचारलं, हातात कागद नसताना, पहिल्यांदाच. खो-खोत धाप लागली तर काय करशील?

“लागायच्या आधीच खो द्यायचा,” ती म्हणाली. “खो-खोत बसायलाच जास्त मिळतं, आई.”

एवढी साधी गोष्ट. रोज कडेला बसून तिनं चपलाच राखल्या नव्हत्या, कुठला खेळ आपल्याला झेपेल याचा हिशोब तिनं केव्हाच केला होता. मी तिची आई, प्रश्नावलीवाली बाई, मला तो माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सरांना सांगितलं, खेळायचं का आणि किती, हे तिलाच विचारा. सर म्हणाले, काही झालं तर? जबाबदारी माझी, असं मी लिहून दिलं. मग पंप मुठीत धरून मैदानाच्या कडेला बसले.

ती पळाली. तिचं पळणं मी तोवर नीट बघितलंच नव्हतं. कोपर बाहेर काढून, जरा वाकडी, पण चपळ. दोन खांबांच्या मध्ये एक पोरगी तिनं जवळजवळ गाठलीच होती, तेवढ्यात स्वतःच थांबली, खो दिला आणि रांगेत बसली. छाती वरखाली होत होती. मी पंप घेऊन उठले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तळहात खाली दाबून खूण केली, बस.

मी बसले.