संध्याकाळी सहाचं सुप्रभात

सुरतेला भेस्तानमध्ये राहायचो तेव्हाची गंमत... मी टीव्हीवर होतो. खोटं वाटतंय ना? आमच्या हिलाही अजून खोटंच वाटतं.

नव्वदचं दशक. गल्लीगल्लीत केबलच्या वायरी नुकत्याच लोंबकळू लागल्या होत्या. आमच्या भागाचे केबलवाले जिग्नेशभाई स्वतःचं एक लोकल चॅनेलही चालवायचे. रात्री पिक्चर, दुपारी कोणाच्या तरी लग्नाची कॅसेट.

मी डाइंग मिलच्या फोल्डिंग खात्यात कारकून. दिवसभर साड्यांचे तागे मोजायचे आणि मनातल्या मनात शाळेच्या पुस्तकातल्या कविता म्हणायच्या... ऐकणार कोण? गणपतीत मात्र मंडळाचा माईक माझ्याकडे असायचा. हरवलेल्या चपलांची घोषणासुद्धा मी अशी करायचो, की चप्पल नसलेले लोकही हळहळायचे.

तीच घोषणा ऐकून जिग्नेशभाईंनी मला गाठलं. "नाना, इथे अर्धी वस्ती खान्देशची. सकाळी सातला मराठी प्रोग्राम करा ने!" मला त्या रात्री झोप लागली नाही.

कार्यक्रमाचं नाव 'सुप्रभात'. स्टुडिओ म्हणजे त्यांच्या दुकानामागची खोली. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगवाल्याचा, आणि माझ्यामागे आमच्याच मिलची, रंग फसलेली केशरी साडी ताणून बांधलेली. तो माझा सूर्योदय!

पहिल्या दिवशी मी अर्धा तास खणखणीत आवाजात कविता म्हटल्या. पाखरं उठवली, कळ्या उठवल्या, आळशी माणसाला तर तीनदा उठवलं. वर्गात बाई पाठ थोपटायच्या तसं वाटलं... घरी आलो तर ही म्हणाली, "चहा घ्या. एवढं ओरडून घसा बसला असेल."

आठवड्यात जिग्नेशभाईंचा चेहरा उतरला. "नाना, लोक कनेक्शन कापायला सांगतात. शनिवारपर्यंत बघू, पछी मी भजननी कॅसेट लावीन."

चाळीस वर्षं पाठ असलेल्या कवितांना एवढ्यात कुठे श्रोते मिळाले होते... आणि आठवड्यात गेलेही?

शुक्रवारी कार्यक्रम संपवून तडक स्टुडिओच्या खिडकीसमोरच्या लीलाबाईंच्या खानावळीत गेलो. लूम, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातली सगळी एकटी पोरं तिथे जेवायची आणि मागच्या दोन खोल्यांत राहायची. टीव्हीही तिथेच. लूमच्या खडखडाटात पोरांचे कान गेलेले, त्यामुळे आवाज कायम फुल्ल.

"मावशी, माझ्या कार्यक्रमात चूक काय आहे?"

"कविता चांगल्या आहेत हो," लीलाबाई पोळी उलटत म्हणाल्या, "पण उठवताय कोणाला? या, दाखवते."

मागच्या खोलीत गादीवर सुकदेव पडला होता. अमळनेरकडचा पोरगा. कानात कापसाचे बोळे, डोळ्यांवर टॉवेल. रात्रपाळी करून नुकता आला होता.

आमच्याकडे कारखाने सात ते सात चालायचे. एका गादीवर दोन माणसं... दिवसपाळीचा उठून गेला, की त्याच गरम गादीवर रात्रपाळीचा आडवा व्हायचा. आणि नेमका त्याच वेळी मी भिंतीपलीकडून त्याला आळशी म्हणत होतो!

सुकदेवनं टॉवेल बाजूला करून हात जोडले. "नाना, पाय पडस तुमना... आमले झोपू द्या!"

इतकी वर्षं भेस्तानात राहून मला हे सुचू नये? मी साड्या मोजत बसलो, पण विणणारा झोपतो केव्हा ते विचारलंच नाही.

शनिवारी, शेवटच्या संधीला, मी डाव उलटवला. आवाज मऊ केला. घरी परतणाऱ्या गाई, लुकलुकणारा दिवा, आईची मांडी... शाळेत ज्या कवितांना सगळा वर्ग पेंगायचा, त्या निवडून निवडून म्हटल्या.

रात्रपाळीवाले गाढ झोपले. फारच छान झालं. पण निघायला उशीर झालेले दिवसपाळीचेही तिघे चहाचा कप हातात धरून भिंतीला टेकले ते तिथेच झोपले, आणि आठ वाजता कारखान्याचा शेठ जिग्नेशभाईंच्या दुकानात येऊन ओरडत होता, "तमे टीव्ही चलावो छो के दवाखानो?"

झालं. जिग्नेशभाईंनी भजनाची कॅसेट काढली, फुंकर मारून धूळ उडवली. मी केशरी साडीच्या गाठी सोडायला लागलो.

तेवढ्यात लीलाबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या. "भाई, सकाळी लावा तुमचं भजन, हळू आवाजात. पण संध्याकाळी सहाला माझी अठरा पोरं उठतात. उठता उठत नाहीत मेली, रोज लाटणं आपटावं लागतं. नानांना तेव्हा बसवा."

जिग्नेशभाई म्हणाले, "सांजे? आणि नाव सुप्रभात?"

"मग? झोपेतून उठल्यावर दुसरं काय म्हणतात?"

सोमवारी संध्याकाळी सहा वाजता मी साडीपुढे बसलो. उघड्या खिडकीतून समोरची खानावळ दिसत होती. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि मी घाबरतच म्हणालो, "सुप्रभात, मंडळी..."

मग नळापाशी ब्रश तोंडात धरलेली अठरा तोंडं टीव्हीकडे वळली, आणि फेसासकट आरोळी आली, "सुप्रभात, नानाऽऽ!" सगळ्यात मोठा आवाज सुकदेवचा.

तीन वर्षं चालला तो कार्यक्रम. मग मोठी चॅनेलं आली आणि माझं करिअर संपलं. लीलाबाईंचे उपकार मात्र फिटायचे नाहीत... खिडकीबाहेर मावळणारा सूर्य बघत मी रोज सुप्रभात म्हणायचो, आणि एकदाही खोटं बोलतोय असं वाटलं नाही.