कार्ड हातातून न सोडणारा माझा दादा

जिच्यासाठी माझ्या भावाचं डोकं फुटलं, तिला मी काल थोबाडीत मारली.

हो, मारली. आधीच सांगून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये "ताई, किती सोशिक तुम्ही" वगैरे नको.

आज जयूदादाला जाऊन वर्ष झालं.

ओळखत नसाल तर सांगते. जयेश, माझा मोठा भाऊ. आम्ही घिवलीचे. दादा बोईसरच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात आरोग्यमित्र होता, म्हणजे सरकारी योजनेतून पेशंटला मोफत उपचार मिळवून देणारा माणूस. एक टेबल, एक कॉम्प्युटर, डोक्यावर योजनेचा भला मोठा बोर्ड. पगार एजन्सीकडून, शिव्या सगळ्यांकडून.

मी चिडवायचे, "काय सरकारचे जावई!"

तो म्हणायचा, "जावई कसला गो, घरगडी."

मग योजनेचे पैसे हॉस्पिटलला येईनासे झाले. क्लेम पास व्हायचे, पैसे नाहीत. मालकांनी दादाला सांगितलं, योजनेचं कार्ड घेऊन पेशंट आला की बेड नाही म्हणायचं.

बोर्ड मात्र काढायचा नाही. बोर्ड काढला तर योजनेतून नाव जातं ना!

म्हणजे दारात मांडव घालायचा आणि आत चूल विझवून ठेवायची.

दादाला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. आईशी रोज बोलायचा. पण दारात आलेला पेशंट परत पाठवणं त्याला जमेना. म्हणून त्याने आपली एक पद्धत काढली. आल्या आल्या पेशंटचं कार्ड स्वतःच्या हातात घ्यायचं आणि डॉक्टरपुढे जाऊन भांडायचं. कार्ड नातेवाइकांकडे राहिलं की काउंटरवाला डिपॉझिट मागतो. ते घाबरतात, पेशंट उचलतात आणि सिल्वासाच्या नाहीतर वलसाडच्या वाटेला लागतात. काही जण वाटेतच संपतात.

म्हणून डॉक्टर हो म्हणेपर्यंत कार्ड सोडायचं नाही.

हे नातेवाइकांना कुठे माहीत असणार?

त्या दुपारी मनोरकडून सुमनला आणलं. डोंगरातल्या पाड्यावरची, नुकतं लग्न झालेली. हायवेवर टेम्पो उलटला होता. पायाचं हाड बाहेर, पोटात रक्तस्राव. सोबत तिचा भाऊ, नवरा आणि पाड्यावरची माणसं.

दादाने कार्ड घेतलं आणि डॉक्टरांना गाठलं.

पुढचं मी पोलीस स्टेशनात सीसीटीव्हीवर बघितलं. त्यात आवाज नव्हता. कोण काय बोललं ते नंतर हॉस्पिटलच्या सिस्टरने सांगितलं.

"जयेश, मागचेच क्लेम अडकलेत. मी काय घर विकून ऑपरेशन करू?"

"सर, आत तरी घ्या. मंजुरी मी आणतो."

"दुसरीकडे पाठव."

"मरेल ती, सर."

स्ट्रेचर दारातच. खाली रक्ताचं थारोळं. आणि सुमनच्या भावाला दिसतोय एक माणूस, त्यांचं कार्ड मुठीत धरून नुसता बोलत उभा असलेला.

"आमचं कारड दे! तूच अडवून धरलंय!"

"नाय देत. तुमी तिला घेऊन जाल. वाटेत मरल ती."

"दे बोलतो ना!"

दादाने कार्ड छातीशी धरलं.

पहिला फटका सलाईनच्या स्टँडचा. लोखंडी. कानावर.

दादा खाली बसला. कार्ड सोडलं नाही.

मग लाथा. मग खुर्ची. मग बाहेरून दगड, काचांचा खच. कुणीतरी त्याची बोटं बुटाने रगडत होतं, तरी मूठ उघडेना.

सुमनच्या भावाने स्टँड पुन्हा उचलला. तिथे हवालदाराने स्क्रीन बंद केली.

आणि मग काय झालं माहितीय?

ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं. सुमनला आत घेतलं, दादालाही घेतलं. बेड होते. डॉक्टर होते. तिच्या पायात घालायची प्लेटसुद्धा निघाली कुठून तरी.

दगड पडला की बेड निघतो, हे त्या दिवशी अख्ख्या बोईसरला कळलं.

सुमन वाचली. दादा नाही वाचला.

दादाच्या मेंदूच्या ऑपरेशनची मंजुरी आली तेव्हा आम्ही त्याला जाळून घरी परतत होतो. मेसेज त्याच्याच मोबाईलवर आला. आईने मोबाईल भिंतीवर आपटला.

सुमनचा भाऊ जेलमध्ये आहे. सडू दे. मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

पण वर योजनेचे पैसे अडवून बसलेल्याला कुठलं कलम लागतं, तेवढं कुणीतरी सांगा मला. तो एसीत बसून फाईल सरकवणार, आणि इथे खाली आम्ही एकमेकांची डोकी फोडणार!

काल सकाळी दारात एक मुलगी. काखेत कुबडी.

"ताई, मी सुमन."

हात उठलाच माझा. ती भेलकांडली, भिंत धरून उभी राहिली.

"मार अजून. माजा भाव आत हाय, तुजा तं गेलाच. पन पायातून पू येतंय. हास्पिटलात गेले तं नवा मानूस बोलतो, योजना बंद हाय. मी कुनाकडं जाऊ?"

जखमेचा वास येत होता. अंग तापाने फणफणलेलं.

मला तिला हाकलायचं होतं. खरंच हाकलायचं होतं. रिक्षा बोलावली आणि घेऊन गेले.

दादाच्या खुर्चीवर एक नवा मुलगा. मान वर न करता म्हणाला, "वरून मंजुरी येत नाही, ताई. पुढच्या आठवड्यात बघा."

माझं डोकं फिरलं. सुमनची कुबडी माझ्या हातात कधी आली, कळलंच नाही. उगारली.

त्या मुलाने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

मागून सुमन किंचाळली, "नको ताई! त्यालापन कोन बहीन असंल!"

कुबडी मी खाली ठेवली.

दादा, सुमन काल रात्री आपल्याकडेच झोपली. आईने तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि रडत रडत तिला शिव्याही दिल्या. आता तिला पालघरला सरकारी दवाखान्यात नेतेय. आत घेईपर्यंत दारातून हलणार नाही. पण हात उचलणार नाही.

लोक लिहितात भावपूर्ण. माझ्याकडे आज नुसता संताप आहे, दादा. श्रद्धांजली म्हणून तोच घे.

जा म्हणवत नाही. ये आता.