गॅसमागची पांढरी भिंत

वैनी गेल्याचा फोन दादानंच केला. "मालन गेली," एवढंच म्हणाला आणि थोडं थांबून, "येताना जास्तीचं दूध आण, माणसं जमायला लागल्यात." मी गडमुडशिंगीहून निघाले, वाटेत दूध घेतलं आणि कसबा बावड्यातल्या त्यांच्या नव्या घरात शिरले. हॉलमध्ये वैनींना चादरीखाली ठेवलं होतं, उशाशी दिवा होता, आणि आतून, स्वयंपाकघरातून, बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. चहाची तयारी चालली असेल असं वाटलं मला. आत गेले तर आमच्या भावकीतल्या दोघी गॅसमागच्या भिंतीवरून बोटं फिरवत उभ्या. "व्हय गं नंदा," एक म्हणाली, "ह्या टाइल्स कुठल्या दुकानातनं आणल्या? आमच्या पोराचंबी बांधकाम चाललंय." दुसरी म्हणाली, "पर पांढऱ्या कशाला घेतल्या बाई? आता कोण पुसत बसणार?" बाहेर माणूस पडलेलं... आणि आत ही चौकशी. मला त्या क्षणी जे वाटलं त्याला दुःख म्हणता येत नाही. मला किळस आली. महिना उलटून गेला तरी ती घशाशी बसलेली आहे. गेलेल्या माणसाविषयी गोड लिहावं असं म्हणतात. पण मालनवैनींविषयी लिहायचं तर किळसच लिहावी लागेल, कारण ती त्यांना जन्मभर आली आणि जन्मभर त्यांनी ती गिळली.

वैनी कुरुंदवाडच्या. लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा मी शाळेत होते. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, तरी मला शेवटपर्यंत 'वन्सं' आणि 'तुमी' म्हणत राहिल्या. आम्ही तेव्हा कोल्हापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. आतल्या खोलीत ओटा, ओट्याच्या कडेला छोटी मोरी, आणि स्टोव्हमागच्या भिंतीवर आमच्या आधीच्या किती भाडेकरूंच्या फोडण्यांचा पिवळा थर. बोट लावलं तर बोट चिकटायचं. वैनींनी पहिल्याच आठवड्यात ती भिंत सोड्यानं घासायला घेतली, तर आई म्हणाली, "भाड्याच्या घराला कशाला एवढं? त्यावर कॅलेंडर लाव, दिसत न्हाई." कॅलेंडर लागलं. वर्ष संपलं की नवं लागायचं, आणि जुनं काढताना त्याच्या पाठीला भिंतीचा चिकटा लागून यायचा. वैनी तेवढा वेळ नाकाला पदर लावून उभ्या राहायच्या.

आणि दादा. दादा हा लेख वाचेल हे मला माहीत आहे. वाचू दे. रोज सकाळी उठून तो त्या मोरीत खाकरायचा. अंगणात नळ होता, तिथं जायचा नाही. भाकरीचं पीठ मळून शेजारी ठेवलेलं असायचं, आणि हा घसा साफ करून, पचकन थुंकून, चहा मागायचा. वैनी स्टोव्हवरचं गरम पाणी ओतून मोरी धुवायच्या, मग हात धुवायच्या, मग पुन्हा भाकरीला बसायच्या. मी एकदा विचारलं, "वैनी, तुम्हाला कसंतरी होत नाही?" त्या पीठ थापता थापता म्हणाल्या, "मळमळतंय की वन्सं. पर सांगायचं कुणाला?" मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "बाप्याची जात हाय, चालायचंच." आमच्या घरात ते चाललं. सागर झाला, मोठा झाला, शिकून पुण्याला गेला, माझं लग्न झालं, आई गेली... ते चालूच राहिलं.

दादा नोकरीतून निवृत्त झाला आणि कसबा बावड्यातल्या प्लॉटवर घर उठलं. घराचा नकाशा दादाचा, जिना सागरच्या पसंतीचा, रंग शेजाऱ्यांच्या सल्ल्याचा. वैनी कशातच पडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "सैपाकघर माझं." आणि त्या स्वयंपाकघरासाठी त्यांनी जे सांगितलं ते ऐकून सगळे हसले. ओटा पांढरा, खालच्या ट्रॉल्या पांढऱ्या, वरची कपाटं पांढरी. सागर फोनवर म्हणाला, "आई, अगं आपल्याकडं तांबडा रस्सा होतो, कांदा-लसणाची चटणी होते. महिन्याभरात हळदीचं दुकान दिसेल." शेवटी तोच म्हणाला, बरं, बाकी कर पांढरं, पण गॅसच्या मागं तरी गडद लाव. तेवढ्या एका भिंतीवर सगळं अडून बसलं. आणि वैनींनाही पांढरं हवं होतं ते नेमकं तिथंच.

त्या भिंतीच्या टाइल्स बघायला आम्ही दोघी किती दुकानं फिरलो त्याला सुमार नाही. आमच्या लग्नांचे शालूसुद्धा इतक्या निरखून कुणी घेतले नसतील. एका दुकानात द्राक्षांचे घोस आणि कपबशा छापलेल्या टाइल्स होत्या. वैनींनी ती कपबशी नखानं खरवडून बघितली आणि तोंड वाकडं केलं. "खोट्या कपाला खरं तेल लागणार." दुसरीकडे बारीक बारीक चौकोनांची नक्षी होती, फार सुंदर. मला आवडली. त्यांनी त्या चौकोनांमधल्या फटींवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "ह्यात मोहरी जाऊन बसती. काढायची कशानं, सुईनं?" तिसऱ्या दुकानाचा मालक मोठा बोलका. त्यानं तपकिरी ठिपक्यांची टाइल पुढं केली. "मावशी, ह्ये घ्या डोळं झाकून. निम्मं कोल्हापूर ह्येच लावतंय. काय बी उडू दे, दिसत न्हाई."

"दिसत न्हाई म्हंजे नसतंय व्हय?" वैनी म्हणाल्या.

तो हसला. वैनी हसल्या नाहीत. "आवो पावणं, मला दिसाय पायजे. दिसलं तर पुसता येतं. जन्मभर न दिसणाऱ्या घाणीत भाकऱ्या थापल्यात मी." दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं, ते वळून बघायला लागलं. मालकानं मुकाट्यानं आतून मोठ्या आकाराची, कोरी पांढरी, काचेसारखी गुळगुळीत टाइल आणली. तीन टाइलांत भिंत भरली असती, फटी नावापुरत्या. वैनींनी दुकानदाराकडचंच पाणी त्यावर शिंपडलं, पदरानं पुसलं, तिरक्या मानेनं उजेडात बघितलं. मग माझ्याकडं बघून मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर मी तेवढं समाधान सागरच्या बारशालाही बघितलं नव्हतं.

ती टाइल दुकानातून उचलायच्या आधीच वैनींचं पोट दुखायला लागलं. आतड्याचा आजार निघाला. ऑपरेशन झालं, आणि शुद्धीवर आल्या तेव्हा पोटाच्या बाजूला पिशवी होती. शौच त्या पिशवीत. काही दिवस नाही, कायमची. ज्या बाईला कॅलेंडरामागच्या चिकट्यानं ओकारी यायची, तिला आता स्वतःच्या पोटावर हे बाळगायचं होतं. नर्सनं एकदाच दाखवलं कशी बदलायची, आणि दुसऱ्या वेळेपासून वैनींनी कुणाला हात लावू दिला नाही. दार लावून घ्यायच्या. बाहेर यायच्या तेव्हा साबणाचा वास यायचा, बाकी काही नाही.

वैनी दवाखान्यात होत्या तेवढ्यात दादानं घर आटपून घेतलं. घरी आणलं त्या दिवशी मी बरोबर होते. वैनी माझ्या खांद्याला धरून पहिल्यांदा स्वयंपाकघरातच गेल्या. सगळं पांढरं, चकचकीत, आणि गॅसच्या मागं तपकिरी ठिपके. निम्मं कोल्हापूर लावतंय ते. वैनींनी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. दादा दारातून म्हणाला, "सगळ्यांनी ह्येच सांगितलं. आन् आता तुला तरी कुठं फार दिवस हितं उभं ऱ्हायचं हाय? सैपाकाला बाई ठेवू. ती थोडीच पुसणार हाय?"

सख्खा भाऊ माझा. त्या वाक्यानंतर मला त्याच्या हातचं पाणीसुद्धा प्यावंसं वाटलं नाही.

आणि तेवढ्यावर भागलं नाही. पुढच्या आठवड्यात मी गेले होते तेव्हा वैनी चहा टाकायला उठल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांना स्वतःहून काहीतरी करावंसं वाटलं होतं. पातेलं ठेवलं, साखर घातली, आणि दादा आत येऊन म्हणाला, "मालन, तू नगं ओट्याजवळ. ती पिशवी घेऊन... खायच्या जिन्नसाजवळ. मला कसंतरी हुतंय." त्यानंतर तो सिंकवर वाकला, रोजच्यासारखा खाकरला, थुंकला आणि नळ न सोडता बाहेर गेला. वैनींनी गॅस बंद केला. सिंककडे बघितलं. मग नळ सोडला, सिंक धुतलं, हात पुसले आणि त्यांच्या खोलीत जाऊन पडल्या. चहा मी केला. प्यायला कुणीच नाही.

दोन दिवसांनी त्यांचा फोन. "वन्सं, उद्या येतासा? ह्यास्नी सांगलीला लग्नाला जायचं हाय. मी मिस्त्रीला बोलीवलंय." मी जाताना त्या बोलक्या दुकानदाराकडून तीच पांढरी टाइल टेम्पोत घालून घेऊन गेले. त्याला ती आठवत होती. वैनीही आठवत होत्या. मिस्त्रीनं छिन्नी लावली, पहिला घाव घातला, आणि तपकिरी तुकडे नव्या पांढऱ्या ओट्यावर कोसळायला लागले. सगळीकडे धुरळा. वैनी तोंडाला फडकं बांधून खुर्चीवर बसल्या होत्या, एक हात पोटावर. मी म्हटलं आत जाऊन पडा. म्हणाल्या, "न्हाई. मला बघायचं हाय."

दादा अपेक्षेपेक्षा लवकर परतला. दारात उभा राहून ओरडला, "कुणाला इचारून फोडलं ह्ये?"

"कुणाला इचारून बसीवलं हुतं?" वैनी म्हणाल्या.

त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दादानंही नसावा. तो माझ्याकडे वळला. "नंदा, हिचं डोकं फिरलंय. तू तरी सांगायचं न्हाईस? ती पिशवी घेऊन ह्या घाणीत—"

"पिशवीचं नाव काढू नका." वैनी खुर्चीवरून उठल्या. "लगीन झाल्यापास्नं रोज सकाळी तुमच्या घशातनं पडलं ते ह्या हातानं धुतलं. त्याच हातानं तुमास्नी भाकरी घातली. मला ओकारी यायची, तरी घातली. कधी म्हटलं का, कसंतरी हुतंय म्हणून? माझं माझ्या पोटावर हाय, माझं मी धुतो. तुमास्नी बघाय तरी लावलंय का?"

मिस्त्री छिन्नी हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभा होता. दादा आला तसा वळला. तो बाहेर गेला आणि लग्नातल्या कडक इस्त्रीच्या कपड्यांत फाटकाजवळ बसून राहिला. वैनी मिस्त्रीला म्हणाल्या, "चालू दे बाबा." संध्याकाळपर्यंत तीन पांढऱ्या टाइल्स भिंतीला लागल्या. दादानं माफी मागितली नाही, ती त्याच्या स्वभावात नाही. पण दुसऱ्या दिवशीपासून तो खाकरायला बाहेरच्या बेसिनकडे जायला लागला.

पुढचा उन्हाळा वैनी त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. स्वयंपाकाला बाई ठेवली नाही. रविवारी मटण व्हायचं, रश्श्यावरच्या कटाचे थेंब भिंतीवर उडायचे, तांबडे, लख्ख दिसणारे. रस्सा उकळत असतानाच वैनी एका हातानं पळी धरायच्या आणि दुसऱ्यानं भिंत पुसायच्या. मला म्हणाल्या होत्या, "वन्सं, ह्या भिंतीवर कायबी लपत न्हाई. लई बरं वाटतं." त्या उन्हाळ्यात त्यांच्या अंगावर थोडं मांसही चढलं होतं... मग पावसाळ्याच्या शेवटी आजार पुन्हा उठला, आणि या वेळी त्यानं उसंत दिली नाही.

परवा मी गेले होते. सकाळची वेळ, दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि स्वयंपाकघरातून तो आवाज आला. खाकरल्याचा. बाहेरचं बेसिन कोरडं ठाक होतं. मी दारातच थांबले. दादा मला बघून ओशाळला की नाही, सांगता येत नाही. गॅसमागची भिंत पिवळी पडली होती. अंड्याचे, आमटीचे, कशाकशाचे ओघळ खालपर्यंत आलेले, वाळलेले. मागच्या महिन्यातलं त्या घरातलं सगळं जेवण तिथं दिसत होतं. माझी नजर गेली तिकडे त्याचीही गेली. म्हणाला, "नंदा, आलीच हाईस तर जरा पुसून घे की."

"तूच पूस," मी म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "कशानं पुसत्यात ह्ये?"

मला त्याची दया यायला हवी होती कदाचित. आली नाही. पांढऱ्या केसांचा, बनियनवरचा माझा थोरला भाऊ स्वतःच्या घरातल्या ट्रॉल्या एकेक करून ओढायला लागला. एकीत डबे, एकीत ताटं, एकीत झारे. सगळ्यात खालच्या ट्रॉलीत त्याला गठ्ठा सापडला. पांढऱ्या कापडाचे चौकोनी तुकडे, उकळून धुतलेले, एकावर एक घडी घालून ठेवलेले. त्यानं वरचा तुकडा उलगडला. त्याला गळ्याची शिवण तशीच होती. त्यानं ते खिडकीच्या उजेडात धरलं.

"ह्ये माझं बनियन हाय," तो म्हणाला.

"व्हय," मी म्हणाले. "ओलं करून घे आधी."