फौजेसाठी वाफ नाही

चमन शिकलगार हळू बोलू शकत नाहीत. उभी हयात साखर कारखान्याच्या बॉयलरशेजारी गेली, तिथं शेजारच्या माणसाला हाक मारायची तरी गळ्याच्या शिरा ताणाव्या लागतात. शिरोळजवळच्या आमच्या गावात सगळे त्यांना चमनभाई म्हणतात. त्यांनी कुणाला सलाम केला की तो गल्लीच्या टोकापर्यंत पोचतो.

आमच्या भागातली माणसं साखर कारखान्यांच्या कामासाठी कुठल्या कुठं गेली आहेत. चमनभाई आफ्रिकेत गेले. देशाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल सांगायचंय ती माणसं अजून तिथंच आहेत आणि सरकारही तेच आहे.

नदीकाठचा कारखाना, भोवती लांबवर ऊस. चमनभाई बॉयलरवर मुख्य आणि त्यांच्या जोडीला एलियास नावाचा तिथलाच फायरमन. तो कामगारांचा पुढारीही होता. चमनभाईंनी त्याला कांदाभजी खायला शिकवली आणि त्यानं चमनभाईंना आपल्या भाषेतल्या शिव्या. एलियासची बायको रूथ दर रविवारी चमनभाईंना जेवायला बोलवायची.

बॉयलरघराच्या भिंतीवर राष्ट्राध्यक्षाचा फोटो होता. एलियास शाळेत होता तेव्हापासून तो माणूस खुर्चीवर बसलेला. एकदाची निवडणूक झाली, त्यात तो हरला, पण उठला नाही. लोक रस्त्यावर आले. त्याच्याच सैन्यातले शिपाई लोकांच्या बाजूला जायला लागले, तेव्हा त्यानं शेजारच्या देशाची फौज मदतीला बोलावली. ती आली आणि मुक्कामच ठोकला. गावं जळाली, शेतं ओस पडली. कारखान्यात फौजेनं छावणी केली, कारण तिथं वीज होती. उसाच्या चिपाडावर बॉयलर पेटायचा, वाफेवर वीज व्हायची, आणि त्या विजेवर फौजेचे दिवे, वायरलेस आणि जुन्या क्लबच्या इमारतीत उघडलेला तुरुंग चालायचा. त्या तुरुंगात ज्यांना नेत होते ती कामगारांचीच पोरं होती.

एका दुपारी एलियासनं बॉयलरकडं जाणारा चिपाडाचा पट्टा बंद केला. सगळे कामगार बाहेर येऊन जमिनीवर बसले. ऊसतोड करणारेही येऊन बसले. दिवस मावळायच्या आत शिपायांनी एलियासला फरफटत क्लबात नेलं.

दुसऱ्या दिवशी परक्या फौजेचा मेजर चमनभाईंच्या खोलीवर आला. बोलणं गोड. तुम्ही बाहेरचा माणूस, आमच्या भांडणाशी तुमचा काय संबंध? बॉयलर पेटवा, हाताखाली माणसं आम्ही देतो.

"मी भ्यालो हुतो," चमनभाई सांगतात. "खोटं कशाला बोलू? त्येनं पिस्तूल टेबलावर ठिवलं. मी म्हटलं, सायेब, आग इझलीया. पेटवणारा तुमच्या कोंडवाड्यात हाय. त्येला सोडा. त्यो पेटव म्हणाला तर पेटवतो, न्हायतर न्हाय."

त्यांना साखरेच्या गोदामात कोंडलं. मारलं किती, ते चमनभाई सांगत नाहीत. परदेशी माणूस मेला तर बोभाटा होईल, म्हणून शेवटी अंगावरच्या कपड्यांनिशी विमानात बसवून दिलं.

गावात आल्यावर त्यांनी ही हकीकत चहाच्या टपरीवर, लग्नात, दर्ग्याच्या उरुसात, सगळीकडं सांगितली. लोकांनी ऐकली आणि सोडून दिली. आफ्रिकेतलं भांडण, आपल्याला काय त्याचं?

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांचा पुतण्या तौसीफ पेढ्यांचा पुडा घेऊन आला. तोही बॉयलरचंच काम शिकलेला.

"चाचा, आफ्रिकेत काम मिळतंय! कोल्हापुरात मुलाखती हायत. तयार क्रू पायजे त्यांना."

"कुठला कारखाना?"

तौसीफनं नाव सांगितलं. चमनभाईंनी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

"तिथली माणसं अजून संपावर हायत, तौसीफ."

"म्हणून तर आपल्याला बोलवाय लागल्यात की."

"एलियास आत हाय अजून."

"मी न्हाय गेलो तर दुसरा जाईल, चाचा."

"जाऊ दे दुसरा. आपल्या घरातनं कोण जाणार न्हाय."

त्यांची बायको बेगम चुलीपुढून उठून दारात आली. "तुम्ही तिकडं कमवून हे घर बांधलंसा. आता पोराची येळ आली तर आडवं पडताय व्हय?"

तौसीफ पुडा तिथंच ठेवून निघून गेला.

चमनभाईंनी मोपेड काढली. शिरोळपासून कोडोलीपर्यंत, ज्यांनी कारखान्यात हात काळे केलेत अशांच्या घरी, तिकडं जाऊ नका म्हणून सांगायला गेले. काहींनी चहा पाजला, काहींनी दारातूनच वाटेला लावलं. कोडोलीत ज्ञानू हा जुना फिटर भेटला. तो म्हणाला, "आमचं पोट काय तुमचा एलियास भरणार हाय? निघा, पावणं." इकडच्या कारखान्यात बरोबर काम केलेला माणूस आपल्याला पावणं म्हणतो, हे चमनभाईंना फार लागलं.

त्या दिवसांतच रूथचा आवाज फोनवर आला. मोडक्या इंग्रजीत ती बोलत होती. बेगमनं विचारलं, "काय म्हणतीया?"

"म्हणतीया, पोरास्नी एकवेळचं मिळतंय, पण बॉयलर थंड हाय. तुमच्याकडनं कुणाला येऊ देऊ नका. आणि बेगमला सलाम सांगा म्हणतीया."

मुलाखतीच्या दिवशी सकाळी बेगम पदर खोचून मोपेडवर मागं बसली.

कोल्हापुरात स्टेशनजवळच्या एका हॉटेलचा हॉल भरला होता. आदर्श नावाचा, कारखान्यासाठी माणसं भरणाऱ्या कंपनीचा तरुण अधिकारी पडद्यावर तिथले फोटो दाखवत होता. चमनभाई उभे राहिले.

"सायेब, ती पांढरी इमारत कसली?"

"क्लब हाऊस. तुमच्या करमणुकीसाठी."

"तिथं माझ्या दोस्ताची बोटं मोडली," चमनभाई म्हणाले.

दोन पहारेकरी धावले. चमनभाई त्यांच्या हातातून निसटत ओरडत राहिले, "तुम्ही जी वाफ काढशिला त्येच्यावर त्यो तुरुंग चालणार हाय! आपल्या कोल्हापूरच्या हातानं!" त्यांना रस्त्यावर नेऊन सोडलं, तर ते खिडकीखाली उभं राहून तेच सांगायला लागले. रिक्षावाले गोळा झाले.

आत बेगम बसूनच होती. आदर्शनं तिला बाहेर जायला सांगितलं.

"मी न्हाय जाणार," ती म्हणाली. "माझा मालक परत आला तवा त्येच्या पाठीला मी म्हयनाभर त्याल लावलंय. मला म्हायती हाय तिथं कसली करमणूक हुती ती."

पहिला उठला तो ज्ञानू. जाताना चमनभाईंना शिव्या देतच गेला, पण गेला. मागोमाग आणखी बरेच उठले. काहीजण बसून राहिले, त्यांनी सह्या केल्या. तौसीफही बसून राहिला.

हॉटेलवाल्यानं तक्रार केली. पोलीस ठाण्यात चमनभाईंना सांगितलं, माफी लिहून द्या आणि घरी जा.

"कशाची माफी?"

"गोंधळ घातल्याची."

"त्यो घालायलाच गेलतो की!" चमनभाई म्हणाले. रात्री त्यांना तसंच सोडून दिलं.

दोन दिवसांनी तौसीफ अंगणात येऊन उभा राहिला. "सही केली न्हाय," तो म्हणाला. "तुमच्यासाठी न्हाय, चाचा. करारात लिवलंतं, छावणीच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं न्हाय. असलं काम मला नगं." एवढं बोलून तो गेला. पुढं बरेच दिवस त्यानं चमनभाईंशी बोलणं टाकलं. त्याला गावातल्याच एका गुऱ्हाळावर काम धरावं लागलं होतं.

सह्या केलेले गेले, पण त्यांच्यात बॉयलरचा जाणता कुणी नव्हता. त्या हंगामात कारखाना पेटला नाही. रूथनं कळवलं, फौज जनरेटरवर दिवे लावते, तेही अर्ध्या छावणीला. एलियास अजून सुटलेला नाही. राष्ट्राध्यक्ष खुर्चीवर आहे. संप चालू आहे.

या उन्हाळ्यात बातमी आली, की कंपनी आता उत्तर प्रदेशात मुलाखती घेणार. चमनभाई सकाळीच तौसीफच्या दारात गेले.

"तुझा राग तुझ्यापाशी ठेव," ते म्हणाले. "तिकडची बोली तुला माझ्यापेक्षा बरी जमती. येतोस?"

तौसीफ दात घासत होता. त्यानं चूळ भरली, थुंकला, तोंड पुसलं.

"बॉयलरवाली माणसं तिकडं कुठल्या गावात ऱ्हात्यात, ते आधी इचारून ठेवा," तो म्हणाला. "मुलाखतीच्या दिवसापतोर थांबून चालायचं न्हाय."