विहीणबाईंचा ओव्हन

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी पुरतं ऐकून घ्या. ही गोष्ट येरुहाममधे दहाजण दहा तऱ्हांनी सांगतात. मग मीच का सांगू नये? माझा गाढवपणा माझ्याइतक्या बारकाईनं दुसऱ्या कुणाला जमणार आहे?

आता आधी माझा स्वभाव सांगतो, म्हणजे पुढचं तुम्हाला खरं वाटेल. मी संशयी माणूस. मुंबईला होतो तेव्हा गिरणीत कापड चेकिंगला होतो. इथे इस्रायलला, निगेवच्या वाळवंटात येऊन कारखान्यात लागलो, तर तिथेही नशिबी चेकिंगच! दिवसभर दुसऱ्याच्या कामात खोट शोधायची आणि त्याचा पगार घ्यायचा. ती नजर घरी आल्यावर काय चपलांबरोबर दाराशी काढून ठेवता येते? माझी बायको रिबेका म्हणते, “एलियाहू हन्नबी स्वतः दारात उभे राहिले ना, तरी तुम्ही आधी त्यांचं ओळखपत्र मागाल!” एलियाहू म्हणजे आम्हा यहुद्यांचे प्रेषित.

आमची इलाना मात्र इथेच जन्मली. मी तिच्याशी मराठीत बोलतो, ती मला हिब्रूत उत्तर देते, आणि भांडण दोघांनाही नीट कळतं. या इलानाला शेजारच्या बेर-शेवा शहरातला एक मुलगा आवडला. आवनेर त्याचं नाव, इलेक्ट्रिशियनचं काम करायचा. घराणं मोरोक्कोचं, वडील वारलेले, आई सिमीबाई भारी धार्मिक. मुलगा दिसायला बरा, बोलायला गोड. एवढं गोड बोलतो म्हणजे काहीतरी असणारच, असं मी रिबेकाला म्हणालो. ती कांदा चिरत राहिली.

ठरलं असं, की एका शुक्रवारी सिमीबाई आमच्याकडे येणार, शब्बाथचं, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळताना लागणाऱ्या आमच्या विश्रांतीच्या दिवसाचं जेवण जेवणार, रात्री मुक्काम करणार, आणि घर पसंत पडलं तर लग्नाची तारीख धरायची. इलानाला तर झोप लागेना. त्याच आठवड्यात, अजून शुक्रवार यायचा होता, तोच आवनेर एक भलंमोठं खोकं खांद्यावर घेऊन दारात हजर!

“इमानं पाठवलंय,” तो म्हणाला. इमा म्हणजे त्याची आई.

खोक्यातून काय निघालं? मायक्रोवेव्ह ओव्हन! तोही साधा नाही, कन्व्हेक्शनवाला. ही ऐंशीनंतरची गोष्ट आहे बरं का, त्या वेळी येरुहाममधे असली वस्तू पाहिली होती कुणी? एकाच पेटीत दोन कारभार. किरणांनी झटपट गरम करायचं तर तेही, आणि पंख्यानं गरम हवा फिरवून केक भाजायचा तर तेही. इलाना टाळ्या पिटायला लागली. रिबेकानं तर लगेच क्रोशाचा रुमाल आणून त्याच्यावर पसरला. आमच्या घरात रेडिओ, टीव्ही, फ्रिज, उघड्या अंगानं कुणीच राहत नाही.

आवनेरनं हळूच रुमाल उचलला. “वर काही झाकायचं नाही. मागे भिंतीला चिकटवायचा नाही, हवा खेळली पाहिजे. किरणांवर चालू असताना धातूचं भांडं आत नको. रिकामा चालवायचा नाही. बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ फिरतो, घाबरायचं नाही, फिरू द्यायचा. आणि साफ करताना...”

साफ करताना काय, ते मी ऐकलंच नाही. माझं लक्ष त्याच्या शब्दांकडे नव्हतंच, त्याच्या तोंडाकडे होतं. ज्या बाईनं अजून आमच्या घरचं पाणी चाखलं नाही, ती आधीच ओव्हन का पाठवते? लग्नानंतर पाठवला असता तर भेट म्हणालो असतो. जेवायला यायच्या आधी? का बुवा?

आवनेर गेला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

“रिबेका! कळलं का तुला? तिला आपली भांडी चालत नाहीत!”

“अवो, कुणाला?”

“तुझ्या विहिणीला! आपली भांडी कोशेर, धर्माच्या नियमात बसणारी, नाहीत असं वाटतंय तिला. म्हणून कोरा करकरीत ओव्हन धाडला. म्हणजे काय, माझं जेवण यात शिजवा, तुमच्या टोपात नको!”

“भेट आहे हो ती.”

“भेट? ही भेट नाही, हा संशय आहे. खोक्यात बांधून घरपोच दिलेला!”

तुम्ही म्हणाल, मी राईचा पर्वत केला. पण आम्ही नवीन आलो तेव्हाचे दिवस आठवा. हे हिंदुस्थानातून आलेले लोक खरे यहुदी का, असा इथल्या काही मंडळींना प्रश्न पडला होता. शेकडो वर्षं कोकणात शब्बाथ पाळून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारी आमची माणसं, आणि यांना शंका! ते माझ्या मनात सलत होतं, अजूनही सलतं. त्यात इलानानं सांगितलं, की सिमीबाईंनी तिला विचारलं होतं, “तुम्ही मटण कुठल्या खाटकाकडून आणता?” झालं! माझी खात्रीच पटली.

मी ठरवलं. तपासायला येतेस ना बाई? ये. अशी सोय करतो, की तुला नाव ठेवायला तसूभर जागा सापडायची नाही.

आता आमच्याकडे रीत अशी, की परधर्मीयाच्या कारखान्यात बनलेलं नवं भांडं घरात आलं, तर ते वापरण्याआधी मिकवेत बुचकळायचं. मिकवे म्हणजे पावसाचं पाणी धरलेला पवित्र हौद. आमच्या सिनेगॉगच्या मागे भांड्यांसाठी एक वेगळा आहे. हे सगळं बघणारा नहूम म्हणून एक म्हातारा होता. त्याच्याकडे गेलो. पण ओव्हन म्हणून सांगायचं कसं? नहूमची बायको बेर-शेवाच्या बाजारात जाते, सिमीबाईही तिथेच जात असणार. गोष्ट पोचायला किती वेळ? म्हणून जपून बोललो.

“नहूम, नवं भांडं बुचकळावं लागतं ना?”

“कशाचं आहे?”

“लोखंडाचं. थोडी काच आहे.”

“दोन्ही बुचकळायचं. केवढं आहे?”

याला मापं कशाला हवीत? “आहे जरा मोठं.”

“झाकण आहे?”

दाराला झाकण म्हटलं तर बिघडलं कुठे? “आहे.”

“मग ते उघडं ठेव. पाणी सगळीकडे पोचलं पाहिजे, आतून-बाहेरून. टाचणीएवढी जागा कोरडी राहिली तरी फुकट.”

बघा, या माणसाला मी एक शब्द खरा सांगितला असता, तर त्यानं तिथेच मला हात धरून घरी पाठवलं असतं. पण नाही!

दुपारी सगळं येरुहाम खिडक्या लावून झोपतं. रिबेकाही झोपली होती. मी ओव्हन बाजारच्या ढकलगाडीत घातला, वर चादर टाकली आणि निघालो. वाटेत एक मांजर भेटलं, तेही माझ्याकडे संशयानं बघत होतं. हौदापाशी आलो, बेराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना म्हटली आणि ओव्हन पाण्यात सोडला.

तर तो तरंगायला लागला हो!

मी दाबतोय, तो वर येतोय. मी दाबतोय, तो वर येतोय. झाकण उघडं ठेवायचं विसरलो होतो ना. शेवटी पाण्यातच त्याचं दार खेचलं. मग काय विचारता! मागच्या जाळीतून बुडबुडे, खालून बुडबुडे, घटाघटा पाणी प्यायला आणि थेट तळाशी जाऊन बसला. मी म्हटलं, वा! टाचणीएवढी जागासुद्धा कोरडी राहिली नाही. मग वर काढायला गेलो तर हलेना. आत पाणी भरल्यावर त्याचं वजन काय झालं असेल, विचार करा. शेवटी मी स्वतःच कपड्यांसकट हौदात उतरलो. म्हणजे मीही पवित्र झालो.

घरी येऊन तो गच्चीवर उन्हात ठेवला, पाणी तापवायच्या सौर टाकीच्या शेजारी. संध्याकाळी रिबेका वर आली.

“अवो, ओव्हन इथे काय करतोय?”

“वापरण्याआधी ऊन दाखवायचं असतं. आवनेर बोलला.”

“पापडाला दाखवतात तसं?”

“तसंच.”

“आणि तुमची पँट कशी भिजली?”

“घाम!” मी म्हणालो. येरुहामच्या कोरड्या उन्हात घाम बिचारा कपड्यापर्यंत पोचतच नाही, पण ती तशीच खाली गेली.

रोज कारखान्यातून आलो की मी गच्चीवर जाऊन चेकिंग करायचो. बाहेरून हात फिरवला, कोरडा. आतून हात फिरवला, खडखडीत. पास! शुक्रवारी सकाळी खाली आणला, आवनेरनं सांगितल्याप्रमाणे भिंतीपासून लांब ठेवला, वर क्रोशाचा रुमालही घालू दिला नाही. माझ्याइतका काळजी घेणारा माणूस शोधून सापडणार नाही, असं मला वाटत होतं.

रिबेकानं नारळाच्या दुधातली कोंबडी गॅसवर करून ठेवली. इलानानं रव्याचा केक कालवला. सिमीबाईंनी पाठवलेल्या ओव्हनमधला केक सिमीबाईंनाच खायला घालायचा, ही तिची हौस. शब्बाथ लागायला थोडाच वेळ होता. दारावर टकटक झाली. मी दार उघडलं, समोर आवनेर आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या सिमीबाई. त्यांनी आत पाऊल टाकलं आणि त्याच वेळी इलानानं स्वयंपाकघरात बटण दाबलं.

फाट्! निळा जाळ, जळका वास, आणि घरातली सगळी वीज गेली.

इलाना किंचाळली. ओव्हन गेला चुलीत, माझ्या पोरीला काही झालं का? आवनेर बाणासारखा आत धावला. आधी मुख्य स्विच पाडला, मग प्लग उपसला, आणि इलानाला हात धरून बाजूला केलं. तिला काही झालं नव्हतं. नुसती घाबरली होती.

आवनेरनं ओव्हन जरासा कलता केला. त्याच्या बुडातून पाण्याची धार लागली. धार, हो! फरशीवर थारोळं झालं.

“कुणी हात लावू नका,” तो म्हणाला. “प्लग काढला तरी याच्या आत करंट साठून राहतो. पण हे पाणी कुठून आलं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. का? माझ्याकडेच का?

“छत गळलं असेल,” मी म्हणालो.

“अबा,” इलाना म्हणाली, “मार्चपासून पाऊस नाही.”

सिमीबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी त्या पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “ज्या घरात माझ्या मुलाशी पहिल्याच दिवशी खोटं बोलतात, तिथे शब्बाथ कसा करायचा? आवनेर, गाडी काढ. अजून वेळ आहे.”

आता शब्बाथ लागला की गाडी चालवता येत नाही. म्हणजे ती बाई आत्ता निघाली, तर गेलीच. इलानानं तोंड झाकून घेतलं. आणि माझ्या लेकीचं ते तसं उभं राहणं मला बघवेना.

“थांबा!” मी ओरडलो. “मीच बुचकळला त्याला. मिकवेत. पूर्ण. बेराखा म्हणून!”

फक्त ओव्हन टपटपत होता.

मग मला आवरलंच नाही. “तुम्हीच आणलीत ही पाळी! आमची भांडी तुम्हाला चालत नाहीत, म्हणून नवा ओव्हन पाठवलात. आम्ही कोशेर नाही असं वाटलं तुम्हाला. मटण कुठून आणता म्हणून विचारलंत!”

सिमीबाईंनी तोंडावर हात धरला. आधी मला वाटलं रडतात. मग खांदे हलायला लागले, आणि बाई तिथल्या तिथे खुर्चीवर बसून जे हसायला लागल्या!

“अहो, मटणाचं विचारलं ते माझा खाटीक चरबी फार घालतो म्हणून! आणि हा ओव्हन मला माझ्या थोरल्यानं आणून दिला होता. शेजारीण म्हणाली, यातून किरणं बाहेर येतात, माणूस आतून शिजतो. माझी हिंमतच होईना. कित्येक महिने खोकं बाल्कनीत पडून होतं. टाकवतही नव्हतं. मग म्हटलं, हिंदुस्थानी माणसं एवढ्या मिरच्या खातात, त्यांना किरणांनी काय होणार? देऊन टाकू!”

आता बोला! मी तिच्यावर संशय घेत होतो आणि ती ओव्हनवर!

आवनेरनं ओव्हनची लाईन तोडून बाकीच्या घराची वीज सुरू केली. रिबेकानं फरशी पुसली, कच्चा केक फ्रिजमधे सरकवला आणि मेणबत्त्या मांडल्या. सिमीबाई डोळे पुसत तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. “ज्या घरात विजेच्या ताराही मिकवे करून येतात,” त्या म्हणाल्या, “तिथे मी आणखी काय तपासणार? तारीख तुम्हीच धरा.”

इलाना येऊन माझ्या गळ्यात पडली. मी जरा छाती काढली. म्हटलं, झालं ते झालं, पण नियम तर आपण सोडला नाही ना?

“पण खरं सांगू का,” सिमीबाई म्हणाल्या, “ओव्हन बुचकळायचा नसतोच. अन्न ज्याला टेकतं, तेवढंच बुचकळायचं. आतली ती काचेची फिरती ताटली आणि भाजायची जाळी. बस्स, दोनच वस्तू. त्या तर तुम्ही बुचकळल्या असतीलच.”

परत सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“त्या होय?” मी म्हणालो. “त्या मी आधीच काढून, आज सकाळपर्यंत फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवल्या होत्या. उगाच भिजायला नकोत म्हणून!”