घरच्यांचा नैवेद्य

दर्यापूरजवळच्या एका गावात गजेंद्र झेंडू आणि शेवंती लावतो, आणि उरलेल्या वेळात बोलतो. बोलण्याचं पीक त्याच्याकडे बारमाही. विषय एकच, आपलं घराणं. गिऱ्हाईक बिचारं हाराचा भाव विचारी आणि हा पणजोबापासून सुरुवात करी. बायको पौर्णिमा कपाळावर हात मारून घेई.

पण हे सगळं ऐकायला घरात लेकरू नव्हतं, हे त्याचं खरं दुखणं. दवाखाने झाले, नवस झाले. शेवटी या आषाढात अमरावतीच्या एका संस्थेतून आचल आली. सात वर्षांची, बारीक कापलेल्या केसांची, विचारल्याशिवाय पाण्याच्या माठालाही हात न लावणारी. दत्तकाचा पक्का कागद कलेक्टर ऑफिसातून यायचा होता. तोवर मुलगी नुसती सांभाळायला दिलेली. संस्थेतल्या मॅडमनी हे आचललाही समजावून सांगितलं होतं. गजेंद्रचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याच्या मते पोरगी आली म्हणजे आली.

भादव्यात महालक्ष्म्या बसल्या आणि गडी नुसता फुलून गेला. सकाळीच त्याने आचलला देवींपुढे उभं केलं.

"हे पाह्य, हे जेष्ठा आन् हे कनिष्ठा. हे मुखवटे माया पणजोबानं अकोल्याहून बैलगाडीनं आणले. मांडीवर घेऊन बसले होते म्हन्तात रस्ताभर. लाव, हात लाव."

आचलने एका बोटाने कनिष्ठेच्या गालाला हात लावला. लगेच मागे घेतला, आणि बोट लागलं होतं ती जागा फ्रॉकच्या टोकाने पुसून काढली. गजेंद्रला त्याचं कौतुकच वाटलं.

"आपल्या घरचा नैवेद्य लय कडक," तो रंगात आला. "गावातल्या लोकायले वेगळा सैपाक, मांडवात. देवीपुढचं पान फक्त घरच्यायनंच खावं. शिळंबी ठेवाचं नाई. उरलं तं परसात खड्डा करून पुराचं. एकदा माया आज्यानं पाव्हण्याले चुकून वाढलं, तं त्या साली सारी शेवंती जळून गेली!"

आचलचे डोळे मोठे झाले. गोष्ट जमली, असं गजेंद्रला वाटलं.

"बाहेरच्याले कसं समजते, का तो बाहेरचा हाय म्हणून?" तिने विचारलं.

"त्यात काय! ज्याचं त्याले माईत रायते," गजेंद्र हसत म्हणाला आणि हार बांधायला निघून गेला. गाढव कुठला.

दुपारी आरती झाली. सकाळपासून घरात कुणी अन्नाला शिवलं नव्हतं. गजेंद्रची आई मनकर्णाबाई जुन्या वळणाची. ही म्हातारी पोरीला नैवेद्याला बसू देते की नाही, यावर गावात चार दिवस चर्चा झाली होती. म्हातारीने आपल्या हाताने चार पानं वाढली. चौथं आपल्या शेजारी, आणि त्यावर सगळ्यात मोठी पुरणपोळी.

"पोरीले बलाव," ती म्हणाली.

पोरगी घरात नव्हती. सापडली मांडवात, गावाच्या पंगतीत. शेजारच्या चतुराबाईजवळ मांडी घालून वरण-भात खात होती.

"मी म्हन्लं, आत जाय माय," चतुराबाई म्हणाली. "आयकतच नाई."

गजेंद्रने तिला नळापाशी नेलं, हात धुवून दिले.

"काहून वं बेटा? आत तुयं पान वाढलं हाय."

"मी नाई खात ते."

"काहून?"

"कागद नाई आला अजून." ती रडत नव्हती. त्यालाच समजावून सांगत होती. "मी खाल्लं तं तुमची फुलं जळून जातीन."

गजेंद्र तिच्यापुढे उकिडवा बसला. "अवं, ते... ते गोष्टच हाय नुसती."

"मंग मुखवट्यायचीबी गोष्टच हाय का?"

गजेंद्रने तिचे धुतलेले हात पुन्हा नळाखाली धरले.

"कागद आला का खाईन मी," आचल म्हणाली. मग तिलाच आठवलं. "पन शिळं नाई चालत न."

मनकर्णाबाईने ऐकलं आणि तोंडाला पदर लावला. "गजा, तुले तोंड कायले देल्लं रे देवानं!" पौर्णिमा पोरीला आत नेऊन मांडीवर घेऊन बसली, चुचकारलं, आपण घास खाऊन दाखवला. आचल मान खाली घालून ओठ घट्ट मिटून बसली. जबरदस्ती कुणी करायची, आणि कोणत्या तोंडाने? कागद कधी येईल, हे तर खुद्द कलेक्टर ऑफिसात विचारूनही गजेंद्रला कळलं नव्हतं. येईल म्हणाले होते.

गजेंद्रने आपल्या पानाला हातच लावला नाही. दिवस कलल्यावर त्याने परसात खड्डा केला आणि दोन पानं आणून ठेवली. आचल मागे येऊन उभी राहिली.

"हे मायं?"

"हो."

"आन् हे?"

"मायं."

तिने त्या न उष्टावलेल्या पानाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बाबा, तुमचाबी कागद यायचा हाय का?"

गजेंद्र कुदळीला धरून उभा राहिला. डोळ्यांतलं पाणी लपवायची त्याला सोय नव्हती.

"हो बेटा," तो म्हणाला. "संगंच येईन आपला."

हे मात्र तिला पटलं. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी खड्ड्यात माती लोटू लागली.